जिभेवर लवंगेचा पहारा

माझ्या भक्तीपायी सासूबाई घर सोडून निघाल्या होत्या, असं सांगितलं तर पटेल तुम्हाला? नाही ना? चहा घ्या, सांगते.

त्या रविवारी चर्चमधल्या उपासनेत आमचे पाळक म्हणाले, "सैतान शिंगं लावून येत नाही. आपल्याच जिभेवर बसून घरात शिरतो. तिथं जागे राहा!" हे ते माझ्याकडे बघून म्हणाले, निदान मला तरी तसं वाटलं. कारण माझी जीभ म्हणजे... रामवाडीत कुणालाही विचारा! आणि आई, म्हणजे सासूबाई, त्याही काही कमी नाहीत. सकाळी कालवणावरून जुंपली की दुपारची भांडी घासेपर्यंत चालायचं.

मग ठरवलं. पहारा ठेवायचा! दातांत लवंग धरायची. आई काही बोलल्या की ती चावायची आणि नुसतं हसायचं.

"आज कालवण पाणचट झालंय गो," आई म्हणाल्या.

मी लवंग चावली. हसले.

"अगो, पाणचट झालंय म्हणते मी!"

पुन्हा हसले. डोळ्यांत पाणी आलं. लवंग तिखट असते हो!

आईंनी जवळ येऊन हुंगलं. "दाढ दुखतेय व्हय? मग सांगायचं नाय?"

'नाही' म्हणायला तोंड उघडलं असतं, तर मागून बाकीचंही बाहेर पडलं असतं. म्हणून मी नुसती मान हलवली. कशी हलवली देव जाणे, आईंनी तो होकार धरला.

झालं! घरात बोंबील तळले जातायत आणि मी पेज पितेय. शेजारीण लवंगेचं तेल घेऊन आली. भगिनी मंडळाच्या बायका माझ्या गालावर हात ठेवून प्रार्थना करून गेल्या आणि मी चक्क 'आमेन' म्हटलं! पहारा जिभेवर, आणि खोटं मानेवरून आत शिरलेलं.

आठवडाभरानं आईंनी माझ्या नवऱ्याला गाठलं. बिचारा कंपनीतून शिफ्ट करून आलेला. "हिला दाढेच्या डॉक्टरकडं ने रे."

"कसली दाढ? काल चणे खात होती की कडाकडा!"

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून आले, तर घराला कुलूप. चावी द्यायला शेजारीण आली. "रोह्याला लेकीकडं गेल्या. रडत व्हत्या गो. म्हणाल्या, दाढ दुखत नाय, म्हंजे सुनेला माझ्याशी बोलायचंच नाय. भांडायच्याबी लायकीची ऱ्हायली नाय मी."

सासरे गेल्यापासून दिवसभर घरात आम्ही दोघीच. त्यांच्याशी बोलणारं माणूस मी एकटी, आणि मीच तोंड बंद करून बसले. पिशवी शेजारणीच्या हातात कोंबली आणि स्टँडकडे पळत सुटले.

रोह्याची गाडी लागली होती. आई खिडकीपाशी बसलेल्या, एवढंसं तोंड करून. वाटेत मी किती गोड वाक्यं जुळवली होती! आई, चुकले. आई, तुमच्याशिवाय घर खायला उठतं. गाडीत चढले, तोंड उघडलं आणि काय बाहेर पडलं?

"बीपीच्या गोळ्या घेतल्यात? नाही ना? आणि निघाल्या रोह्याला! वाटेत चक्कर आली म्हणजे? डोकं कुठं ठेवलंय तुमचं?"

अख्खी गाडी वळून बघायला लागली. मेले, म्हटलं! आठवडाभराचा पहारा गेला पाण्यात.

आईंनी पदरानं डोळे पुसले. "नाय घेतल्या! तू कोण गो मला इचारणारी?" असं म्हणत त्यांनी सामान माझ्या हातात दिलं आणि माझ्याआधी खाली उतरल्या. घरापर्यंत आम्ही भांडत आलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पुढच्या रविवारी चर्चमध्ये साक्ष देण्याची, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली, तशा आई उठून उभ्या राहिल्या.

"आठवडाभर माझ्या सुनेत सैतान शिरला व्हता. नुसती हसायची, बोलायची नाय. प्रभूच्या दयेनं तो आता निघाला. पोर पयल्यासारखी भांडाय लागलीय!"

आणि सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, "आमेन!"