गावंड सरांचा घण

रोह्यातल्या माझ्या वर्कशॉपसमोरच्या पीसीओवाल्यानं हाक मारून सांगितलं, गावंड सर गेले. पेणच्या तंत्रशाळेतले आमचे वर्कशॉपचे मास्तर. त्या पीसीओवरूनच मी दिलीपला, माझ्या तंत्रशाळेपासूनच्या मित्राला, फोन लावला. "गाडी फोडणारा गेला? बरं झालं," म्हणाला आणि त्यानं फोन आपटला... खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही. पाच वर्षं तेच करत आलो होतो.

सर मारकुटे होते, उगाच गोड बोलायचं नाही. पोरांनी केलेल्या प्रत्येक जोडावर ते घण घालायचे. जोड तुटला की पुढचा दणका पाठीत. पाच वर्षांपूर्वी रोह्यात विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा होती. भंगारातल्या स्कूटरचं इंजिन, पाईपची चासी, चालवणार दिलीप. आदल्या दिवशी पुढच्या जोडाला मला चीर दिसली. पुन्हा वेल्डिंग करायचं तर नवा रंग जळणार. मी पेणजवळच्या जोहे गावचा, मूर्तिकाराच्या घरातला. गणपतीच्या बोटाची चीर बुजवतात तशी प्लास्टरनं बुजवली, घासली, रंगवली. वर स्वतःवरच खूश झालो!

सकाळी दिलीप पेट्रोल आणायला गेला आणि सरांनी, जोड आधी तपासलेले असूनही, घण उचलला. एका घावात पुढचं चाक निखळलं. महिन्याची मेहनत! माझं डोकं फिरलं. हातातला पाना मी त्यांच्या कपाळावर हाणला. रक्ताची धार लागली. त्यांनी माझी मानगूट धरून तोंड त्या जोडावर दाबलं. पांढरं प्लास्टर त्यांच्या रक्तानं भिजत होतं.

"तुझ्या गणपतीला पाण्यात जायचं असतं रे," ते गुरगुरले, "दिलीपला घरी यायचं हाय."

दिलीप यायच्या आत त्यांनी प्लास्टर खरवडून फडक्यानं पुसून टाकलं. "मी फोडली. जोड आवडला नाय मला," म्हणाले. कपाळाला पाईप लागला म्हणाले. दिलीपनं त्यांना नाही नाही ते ऐकवलं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. त्याची लाज वाटते.

तेराव्याला सरांच्या बायकोनं, काकूंनी, त्यांचा घण माझ्या हाती दिला. "तुलाच द्यायला सांगितलंय त्यांनी," म्हणाल्या. काल दिलीपला माझ्या वर्कशॉपवर बोलावून तो त्याच्या हातात ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं घण माझ्यावर उगारला. मी हललो नाही. घण शेजारच्या, मी जोडलेल्या नव्या ट्रॉलीवर बसला. जोड टिकला. मग दुसरा, तिसरा... सगळे जोड ठोकून झाल्यावर त्यानं घण खाली टाकला.

"पाच वर्षं त्या माणसाकडं बघितलं पण नाय रे मी."

घण अजून तिथंच पडला आहे. उचलायला माझा हात धजत नाही.