सावंतांची कुलूपबंद वेबसाइट

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथं हजर होतो. म्हणजे एक-दोन ठिकाणी नव्हतो, पण तिथं प्रसन्न होता, आणि प्रसन्नला थापा मारता येत नाहीत. येतात, पण माझ्याइतक्या चांगल्या येत नाहीत. तर असं करू, एक जागा सोडून बाकी सगळं खरं आहे असं धरून चला. ती जागा कोणती ते शेवटी बघू.

वेबसाइट करून देणाऱ्याकडे किस्से दोह्यातल्या धुळीसारखे साठतात. सकाळी पुसले तरी संध्याकाळी टेबलावर तेवढेच. त्यात ती वर्ल्ड कपच्या आधीची वर्षं. कालचा रस्ता आज खणलेला असायचा आणि ज्याला त्याला वाटायचं, स्टेडियम उभी राहतायत, लोक येणार, आपल्याकडे फक्त वेबसाइटच तेवढी नाही.

नजमा भागात, एका कॅफेटेरियाच्या डोक्यावर आमचं दोन माणसांचं ऑफिस होतं. बोलायचं काम माझं, करायचं काम प्रसन्नचं. प्रसन्न नाशिकचा, पस्तिशीचा, मला ‘काका’ म्हणायचा. मी त्याच्याहून फक्त चौदा वर्षांनी मोठा, हे त्याला कितीदा सांगितलं.

प्रत्येक नव्या क्लायंटला मी पहिल्या चहालाच ऐकवायचो, ‘‘मजकूर तुम्ही द्यायचा, फोटो तुम्ही द्यायचे, फुकटात बदल तीनदाच, वेबसाइटचं नाव तुमच्या मालकीचं, आणि आज सांगितलं म्हणजे उद्या होत नाही.’’ क्लायंट मान डोलवायचा. त्याला यातला ‘उद्या’ एवढाच शब्द ऐकू गेलेला असायचा.

सावंतांना मात्र सगळं ऐकू गेलं. आणि त्यातल्या एकाही वाक्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

*

सावंत मालवणकडचे. दोह्यात वीस वर्षं. इंडस्ट्रियल एरियात, एशियन टाउनच्या मागच्या अंगाला त्यांचं युनिफॉर्म शिवायचं वर्कशॉप. बारा मशिनी, बारा माणसं. ड्रायव्हरांचे शर्ट, कॅफेटेरियाचे अ‍ॅप्रन, सिक्युरिटीवाल्यांच्या पँटी. लुसैलमध्ये एक नवं हॉटेल उघडणार होतं आणि त्यांना रिसेप्शनच्या लोकांसाठी कोट हवे होते. अट अशी, की नमुन्याचा एक कोट पाठवायचा आणि कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता द्यायचा. अमुक गुरुवारी दुपारी तीनपर्यंत. तीननंतर खलास.

‘‘जोशीनू,’’ सावंत म्हणाले, ‘‘अ‍ॅप्रन शिवून बारा माणसांचं पोट भरत नाही आता. ही ऑर्डर गेली तर मशिनी विकतो आणि गावाक जातो. त्या बारा जणांनी जायचं कुठं?’’

मी म्हटलं, वेबसाइट होऊन जाईल.

‘‘ती ठेवणार कुठं?’’

‘‘सर्व्हरवर.’’

‘‘तो खंय आसा?’’

‘‘जर्मनीत.’’

सावंतांनी चहाचा कप खाली ठेवला. ‘‘माझं दुकान इथं, तुमचं ऑफिस इथं, हॉटेल इथं, आणि वेबसाइट जर्मनीत? कोणापासून लपवतास?’’

प्रसन्नने त्यांना पंधरा मिनिटं सर्व्हर समजावला. सावंतांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘जर्मनीत तुमचा ओळखीचा माणूस आहे?’’

*

आठ दिवसांनी आम्ही पहिला आराखडा दाखवायला बोलावलं. सावंत आले ते गळ्यात टेप घालून.

‘‘ट्रायल ना? मग टेप नको?’’

त्यांनी खरोखर स्क्रीनला टेप लावली. रुंदी घेतली, उंची घेतली, वहीत लिहिली. मग वर बघून म्हणाले, ‘‘कच्ची शिलाई आहे ना ही? पक्की मारली नाहीत ना?’’

प्रसन्न म्हणाला, कच्चीच आहे.

‘‘आणि आत मार्जिन सोडलंय? पुढं धंदा वाढला तर उसवून मोठं करायला?’’

वेबसाइटबद्दल इतका योग्य प्रश्न आम्हाला तोवर कुठल्याही क्लायंटने विचारला नव्हता. मोठमोठ्या सूटबूटवाल्यांनीही नाही. प्रसन्न चक्क हळवा झाला. म्हणाला, ‘‘सावंतसाहेब, भरपूर सोडलंय.’’

मग त्याने तीच साइट मोबाइलवर उघडून दाखवली. सावंतांनी मोबाइलला टेप लावली, वही बघितली आणि माझ्याकडे वळून थंडपणे म्हणाले, ‘‘आटली.’’

*

फोटोंसाठी आम्ही तीन आठवडे मागे लागलो होतो. एके दिवशी आले. बावीस फोटो. झकास उजेड, स्वच्छ पांढरी भिंत, आणि त्यावर बावीस युनिफॉर्म. सगळे उलटे.

उलटे म्हणजे आतली बाजू बाहेर. शिवणी, अस्तरं, खिशांच्या पिशव्या. एका शर्टाची तर फक्त घडी होती.

मी फोन केला. ‘‘सावंत, सुलट्या बाजूचे फोटो कुठायत?’’

‘‘सुलटे टाकले तर बाजूचा मलबारी शिंपी नमुना उचलणार. सकाळी टाकले तर संध्याकाळी त्याच्या काउंटरवर.’’

‘‘पण गिऱ्हाईक काय बघणार?’’

‘‘शिलाई.’’

‘‘आणि डिझाइन?’’

‘‘ता ऑर्डर दिल्यावर.’’

मी प्रसन्नला म्हटलं, कोट घातलेल्या गोऱ्या बायकापुरुषांचे विकतचे फोटो मिळतात, ते लाव. प्रसन्नने लावले. दुसऱ्या दिवशी सावंत आले, चष्मा लावून स्क्रीनजवळ गेले आणि म्हणाले, ‘‘हे कोट माझे नाहीत. काज बघा. हातानं केलेलं नाही. तुम्ही लोकांना फसवतास?’’

बावीस उलटे युनिफॉर्म परत चढले.

*

साइट जवळजवळ तयार झाली तेव्हा सावंतांनी सहज विचारलं, ‘‘ही कोणालाही दिसणार?’’

‘‘जगात कोणालाही,’’ मी अभिमानाने म्हटलं.

‘‘बाजूच्या मलबाऱ्यालापण?’’

चूक माझी. मी दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं. पुढचा अर्धा तास सावंतांनी एकच गोष्ट लावून धरली, साइटला कुलूप पाहिजे. ज्याला बघायची त्याने फोन करावा, आपण माणूस पारखावा, मग पासवर्ड द्यावा.

प्रसन्न म्हणाला, ‘‘साहेब, दुकानाला शटर लावून आत धंदा करण्यासारखं आहे हे.’’

‘‘सोनार तसाच करतो,’’ सावंत म्हणाले.

लावलं कुलूप. पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला. टाकताना म्हणाले, ‘‘तुमी दोघांनी तोंडां फिरवा.’’ आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. भिंतीवर आमच्याच कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर लिहिलं होतं, ‘विश्वास हेच आमचं भांडवल’. सावंत एका बोटाने टाइप करत होते, त्यामुळे मला ते चार वेळा वाचता आलं.

*

तरी त्यांचं समाधान होईना. गणपती आले. अल दुहैलच्या कम्पाउंडमध्ये एका इंजिनीअरच्या व्हिलात दरवर्षी आपल्या लोकांची आरती असायची. आरती झाली, प्रसाद वाटला जात होता, पोरं मोदकाला ‘नो थँक्स आंटी’ म्हणत होती. सावंतांनी आम्हा दोघांना हाताला धरून मखरासमोर नेलं.

‘‘देवासमोर सांगा. तुम्ही गुपचूप माझ्या साइटच्या आत जाऊ शकतास?’’

प्रसन्नने हात जोडले आणि डोळे मिटले.

मी म्हटलं, ‘‘शपथेवर सांगतो सावंत, पासवर्डशिवाय आम्हीसुद्धा आत जाऊ शकत नाही.’’

सावंतांनी गणपतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत गणपतीकडे बघितलं. मग मला अजून एक मोदक दिला.

*

आता तो गुरुवार.

सकाळी साडेअकराला हॉटेलच्या परचेस मॅनेजरचा फोन सावंतांना गेला. मॅडम हाला, लेबनीज, बोलणं सरळ. ‘‘कोट मिळाला. वेबसाइट पासवर्ड मागते. काय आहे पासवर्ड?’’

सावंतांनी बाईंचा आवाज पारखला, बरा वाटला, आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की पासवर्ड आपल्याला आठवत नाही.

ते आमच्या ऑफिसात आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

‘‘कुठं लिहून ठेवला नव्हता?’’ मी विचारलं.

लिहिला होता. कापडाच्या पट्टीवर. कागद हरवतो, फोन चोरीला जातो, म्हणून सावंतांनी ती पट्टी शिवून ठेवली होती. वर्कशॉपमधली सगळ्यात सुरक्षित वस्तू म्हणजे काचेच्या कपाटात कुलपात ठेवलेला नमुन्याचा कोट. त्याच्या अस्तरात.

‘‘मग काढा की.’’

‘‘तो कोट रफिकने परवा हॉटेलात पोचवला,’’ सावंत म्हणाले आणि खुर्चीत बसले.

रफिक म्हणजे त्यांचा फोरमन. त्याला दोन कोटांतला चांगला उचलायला सांगितला होता, त्याने चांगला उचलला.

प्रसन्नने माझ्याकडे बघितलं. मी प्रसन्नकडे बघितलं नाही. म्हटलं, ‘‘सावंत, चला. लुसैलला जाऊ.’’

निघताना प्रसन्न जिन्यापर्यंत आला. ‘‘काका, मी काय करू?’’

‘‘थांब. तीनला पाच कमी असताना फोन करतो.’’

*

वीस मिनिटांचा रस्ता, सव्वा तास लागला. दोन एक्झिट बंद, एक गोल चौक गायब, आणि मॅप आम्हाला सारखा समुद्रात वळायला सांगत होता. सावंत मधेच म्हणाले, ‘‘रफिकची मुलगी बारावीला आहे.’’ मी गाडीत दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. उकाड्याने असेल.

हॉटेलचा अर्धा भाग अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने सावंतांची पिशवी तपासली आणि कात्री, ब्लेड, टाचण्यांची डबी काढून घेतली. सावंतांनी त्याच्याकडे बघितलं ते त्याच्या पँटीकडे. पँट सावंतांच्याच वर्कशॉपमधली होती. पण कात्री नाही मिळाली.

वर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. मॅडम हालांच्या टेबलामागे एका दांडीवर सहा कोट टांगलेले. सगळे निरनिराळ्या शिंप्यांचे नमुने, सगळे छान, सगळे सारखेच.

सावंतांनी इंग्रजीत सांगितलं, ‘‘मॅडम, पासवर्ड कोटात आहे.’’

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलवली. दुसरं काय करणार.

सावंतांनी आपला कोट काढला, उलटा केला, टेबलावर पसरला. मग स्वतःच्या शर्टाच्या कॉलरखाली बोट घातलं आणि सुई काढली. दोरा ओवलेली सुई. वीस वर्षं ती तिथंच असते, असं नंतर कळलं. सुईच्या टोकाने त्यांनी अस्तराचे सात-आठ टाके सोडवले, दोन बोटं आत घातली आणि पांढरी पट्टी बाहेर काढली.

पट्टीवर नुसते आकडे होते. ‘‘माझं माप,’’ ते मला मराठीत म्हणाले. ‘‘दोह्यात आलो तेव्हाची छाती, कंबर, उंची. आता बघून कोणाक अंदाज येणार नाही.’’

मॅडमनी आकडे टाकले. साइट उघडली. त्या बघायला लागल्या. पहिला युनिफॉर्म उलटा. दुसरा उलटा. पाचव्याला त्यांनी मान तिरकी करून स्क्रीन बघितली.

‘‘यांची पुढची बाजू कुठं आहे?’’

‘‘आफ्टर ऑर्डर,’’ सावंत मान खाली घालून म्हणाले. त्यांचं लक्ष स्क्रीनकडे नव्हतंच. ते कोटाचं अस्तर परत शिवत होते. उसवलेला कोट दुसऱ्याच्या टेबलावर सोडून यायचं त्यांच्या हातून झालं नसतं. गाठ मारली, दोरा दाताने तोडला, सुई कॉलरखाली गेली.

मॅडमनी कोट ओढून घेतला. अस्तरावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. चष्मा लावला. खिडकीपाशी उजेडात नेला. मग बाकीचे पाच कोट एकेक करून उलटे केले आणि बघितले. मी खिशात फोन धरून घड्याळ बघत होतो.

‘‘तुम्ही उसवलं होतं कुठं?’’ त्यांनी विचारलं.

सावंतांनी कोट सुलटा करून त्यांच्या हातात दिला. ‘‘मॅडम, ते कोणालाच सांगत नाही.’’

तीनला दहा कमी असताना फॉर्मवर सही झाली. प्रसन्नला मी फोन केला आणि सांगितलं, चहा पी.

*

मशिनी विकल्या गेल्या नाहीत. उलट चार वाढल्या, आणि प्रसन्नने साइट उसवून मोठी केली. मार्जिन होतंच.

वर्ल्ड कपच्या आदल्या महिन्यात सावंतांनी मला एक कोट शिवून आणून दिला. माप न घेता, नुसतं बघून. अंगात असा बसला की बायको म्हणाली, तुम्ही जरा बरे दिसता. डाव्या बाजूला, काळजापाशी, अस्तरात काहीतरी आहे. पट्टीसारखं. बोटांना लागतं.

‘‘सावंत, आत काय आहे?’’ मी विचारलं.

‘‘काय नाय. तुमी उसवून बघा ना,’’ ते म्हणाले, आणि माझ्याकडे तसंच बघितलं, जसं मखरासमोर बघितलं होतं.

प्रसन्न रोज म्हणतो, काका, उसवा. मी अजून उसवलेलं नाही.

हां, ती खोटी जागा. गणपतीपुढची शपथ. साइटचं कुलूप आम्हीच बसवलं होतं. ते काढायला पासवर्ड लागत नव्हता, आणि त्या गुरुवारी प्रसन्न ते हातातला कप खाली न ठेवता काढू शकत होता.