कळलावीचा वाफा

शहरातल्या मोठ्या बागेत माळीणबाई सव्वीस वर्षं कामाला होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळा जीव बागेत अडकलेला. बागेच्या मागच्या रस्त्यावर एका जुन्या इमारतीत त्यांची खोली होती. खालच्या मजल्यावर शाळामास्तर, त्यांची बायको आणि बारा वर्षांची मुलगी. मास्तरांना थट्टेची खोड. बाई जिन्यावर दिसल्या की ते विचारायचे, "बाई, तुमच्या झाडांना ना फळ, ना भाजी. मग तुम्हाला पगार देतात तो कशाचा?"

"तुम्ही फुकट बघता, त्याचा," बाई म्हणायच्या आणि पुढे व्हायच्या.

मग युद्ध सुरू झालं आणि शहराकडे येणारे दोन्ही रस्ते बंद झाले. पहिला महिना लोकांनी साठवणीवर काढला. दुसऱ्या महिन्यात डाळी संपल्या. तिसऱ्या महिन्यात दुकानं उघडी असायची, पण फळ्यांवर धूळ आणि दुकानदार हाताची घडी घालून बसलेला. मास्तरांच्या मुलीचे गाल आत गेले. ती कुंपणाची पानं तोडून चघळते हे बाईंनी एकदा पाहिलं, आणि त्या दिवशी त्यांना कामात लक्ष घालता आलं नाही.

बाई नव्या होत्या तेव्हाच्या थोरल्या माळ्याने एकदा चाकूने डेलियाचा कंद सोलून त्यांच्या हातावर ठेवला होता. तो म्हणाला होता, "खा. याच्या मूळच्या मुलखात लोक हे खातच होते. आपल्याकडे फक्त फुलासाठी लावतात." बाईंना ते आता आठवलं. त्यांनी दोन कंद घरी आणले, उकडले, एकच खाल्ला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबल्या. काही झालं नाही. चव मातकट, ना धड बटाट्याची ना मुळ्याची, पण पोटात काहीतरी पडलं.

त्यांनी बागेच्या मुकादमांना सांगितलं. मुकादमांनी आधी दार लावून घेतलं. "बोलू नका कुणाला. आपल्या दोन घरांना वर्षभर पुरेल."

"आणि बाकीची घरं?"

"बाकीची घरं मी बांधली नाहीत, बाई."

बाई दार उघडून बाहेर पडल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याला कळलं होतं, आणि ते कुणी सांगितलं हे मुकादमांनी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाशी रांग लागली तेव्हा तेच रांग लावायला उभे होते.

बाईंनी शिस्त घालून दिली. रोज सकाळी दहा घरं, घरटी दोन झाडं. आधी डेलिया, मग कर्दळीचे गड्डे. गड्डे चिवट असत, ते दोन तास शिजवावे लागत. त्या स्वतः खुरपं घेऊन वाफ्यावर उभ्या राहत आणि प्रत्येक कंद हातात घेऊन बघितल्याशिवाय पिशवीत पडू देत नसत. डेलियाने पोटं फुगायची, गुडगुडायची. मास्तर म्हणाले, "बाई, तुमची बाग आमच्या पोटात बँड वाजवते आहे." कित्येक आठवड्यांनी त्या जिन्यात कुणीतरी हसलं.

मागच्या भिंतीलगत कळलावीचा वाफा होता. त्या वेळी वेल सुकून गळून गेलेले, वर नुसती माती. खाली बोटासारखे लांबट, गुळगुळीत कंद. ते कितीही शिजवले तरी त्यांतलं विष जात नाही. मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, तो वाफा आज खणून जाळून टाका."

बाई फावडं घेऊन गेल्या. पहिलाच कंद वर आला, टोकाला पांढरा कोंब. ही झाडं त्यांनी बियांपासून केली होती. चार वर्षं पाणी घालून, सावली करून, शेवटी मागच्या वर्षी पहिल्यांदा फुलली होती आणि लोक भिंतीपाशी थांबून बघत होते. त्यांनी कंद परत मातीत ठेवला. एका फळीवर ठळक अक्षरांत लिहिलं, "विषारी. हात लावू नये," आणि ती वाफ्यात ठोकली. मुकादमांना म्हणाल्या, "झालं काम."

थंडी वाढली तशी लोकांनी बागेतले बाक फोडून जाळायला नेले. मग कुंपणाच्या पट्ट्या गेल्या. त्याच सुमारास बाईंना ताप भरला आणि त्या चार दिवस खोलीबाहेर पडल्या नाहीत. वाटपही बंद राहिलं.

चौथ्या दिवशी दुपारी मास्तर वर आले. हातात झाकलेला वाडगा. "आज तुम्ही उठायचं नाही. आज मी माळी. कर्दळीपलीकडे मऊ माती दिसली, तिथे लागले. घ्या, गरम आहेत."

बाईंनी झाकण काढलं. आत बोटासारख्या लांबट, गुळगुळीत कंदांचे तुकडे होते.

"तिथे फळी नव्हती?"

"कसली फळी?"

"खाल्लेत तुम्ही?"

"आत्ताच. सकाळीही थोडे." मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा उतरायला लागलं.

बाई तापातच खाली धावल्या. मिठाचं पाणी करून बापलेकीला पाजलं, घशात बोटं घालून उलट्या करवल्या. मास्तरीणबाईंनी आपला वाटा त्या दोघांना वाढला होता. त्यांनी एक घासही खाल्ला नव्हता. दवाखान्यात डॉक्टर होते, औषध नव्हतं. मास्तर त्यानंतर चौथ्या दिवशी गेले, आणि शेवटपर्यंत शुद्धीवर होते. मुलगी जगली. दहा-बारा दिवसांनी तिचे केस उशीवर पुंजक्यांनी सुटून येऊ लागले आणि आठवड्यात डोकं साफ झालं.

बाईंनी त्या वाफ्याची कंबरभर माती उपसली, एकेक कंद वेचला आणि जाळला. मुकादम लांबून बघत होते. ते जवळ आले नाहीत, बोललेही नाहीत. एखादी शिवी दिली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

पाचव्या महिन्यात रस्ते उघडले. गाड्या भरून पीठ आलं. पुढे नगरपालिकेची माणसं आली. किती घरं जगली याची मोजणी झाली आणि बागेच्या फाटकावर बाईंच्या कामाची पाटी लावायचं ठरलं. बातमी ऐकून मास्तरीणबाई वर आल्या, बाईंचा हात धरून बसल्या.

"लावू द्या पाटी. तुम्ही नसता तर आम्ही तिघंही आधीच गेलो असतो. ज्याने ती फळी चोरली, त्याचं पाप त्याला."

बाईंना गप्प बसता आलं असतं. मुकादम कुणाला सांगणार नव्हते, हे त्यांना माहीत होतं.

"मला तो वाफा पहिल्याच दिवशी खणायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी फावडं घेऊन गेले होते. फुलांचा मोह पडला. खणला नाही, आणि खणला असं सांगितलं."

मास्तरीणबाईंनी हात सोडला.

"हे मला सांगायला नको होतंत," त्या उठताना म्हणाल्या. "चोरावर राग धरून मी जगले असते. आता रोज जिन्यात तुम्ही दिसणार."

महिनाभरात त्यांनी दुसरीकडे खोली घेतली. बाईंनी नगरपालिकेला लिहून कळवलं की पाटी नको, आणि कारणही लिहिलं. पाटी लागली नाही. नोकरी मात्र राहिली. बागेला दुसरं माणूस नव्हतं.

पुढे तीन वर्षांनी मास्तरांची मुलगी एकटीच बागेत आली. उंच झालेली, केस खांद्यापर्यंत वाढलेले. बाई रोपं लावत होत्या, त्या चटकन उठल्या आणि हाताची माती पुसत राहिल्या.

"ते फूल मी कधी पाहिलंच नाही," मुलगी म्हणाली. "कसं होतं?"

बाईंनी खरं तेच सांगितलं. पाकळ्या वर वळलेल्या, कडा दुमडलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. लांबून जाळ पेटल्यासारखं दिसायचं. फार सुंदर होतं.

मुलीने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि फाटकाकडे चालायला लागली. बाई ती दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग उन्हात रोपं माना टाकत होती म्हणून खाली बसल्या.