मागच्या बाकावरचं ‘हो’

वकीलसाहेबांच्या ऑफिसात तिला सगळे निकालबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. एकवीस वर्षं ती एकाच टेबलाशी बसत आलेली, आणि तिचं काम म्हणजे कोर्टाचे नवे निकाल साहेबांच्या नजरेतून सुटू द्यायचे नाहीत. पूर्वी त्यासाठी कोर्टात खेटे घालावे लागत. पुढे ईमेलने कळवणारी सेवा आली. हवे ते शब्द, पक्षकारांची नावं तिने तिथे भरून ठेवली होती. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेल यायचा. प्रत्येक नावापुढे एक ओळ: नवा निकाल आला, नाहीतर ‘नवीन निकाल नाही’. साहेब खुर्चीत टेकायच्या आत छापील कागद टेबलावर हजर. एकदाच चुकली होती, तेही अंगात सणकून ताप होता म्हणून.

त्या यादीत सगळ्यात खालचं नाव मात्र साहेबांच्या कामाचं नव्हतं. ते तिच्या दादाचं होतं.

नऊ वर्षांपूर्वी दादा घरातल्याच चपलांवर, ‘आलोच’ म्हणून बाहेर पडला तो पडलाच. पोलिस झाले, दवाखाने पालथे घातले, पेपरात फोटो दिला. शेवटी बाईने त्याचं नाव यादीत टाकलं. कुठल्यातरी गावात, कुणाच्यातरी भांडणात, साक्षीदार म्हणून का होईना, सापडेल! वेडी आशा, दुसरं काय! पण रोज सकाळी चहा घेताना ती शेवटची ओळ वाचायची, ‘नवीन निकाल नाही’, आणि तिला हायसं वाटायचं. मेल्याचीही नोंद नाही, म्हणजे दादा अजून आहे.

यंदा वहिनीने कोर्टात अर्ज केला, नवऱ्याला मृत जाहीर करा म्हणून. तिचं तरी काय चुकलं? नऊ वर्षं ना धड बायको ना धड विधवा. आता एक भला माणूस लग्नाचं विचारत होता.

“वन्सं, माझा राग नाही हो त्यांच्यावर,” ती म्हणाली, “पण दाराकडे बघून बघून मी थकले.”

सुनावणीला निकालबाई गेली. मागच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. माणूस बेपत्ता असला तरी त्याच्या नावाचा पुकारा करावाच लागतो. शिपायाने दारात उभं राहून दादाचं नाव तीनदा पुकारलं. बाईने ओठ घट्ट मिटून घेतले होते. अर्ध्या तासात कामकाज आटोपलं.

पुढच्या मंगळवारी सात दहाला मेल आला. सगळ्यात खाली, दादाच्या नावापुढे: एक नवा निकाल. तिने तो उघडला. अर्ज मंजूर, इसम मृत समजावा, सगळं रीतसर. आणि वर, हजेरीच्या रकान्यात, दादाच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘हजर’.

चहा तसाच टाकून ती कोर्टात गेली. निकाल टाइप करणारी बाई ओशाळली.

“चूक झाली खरी, पण मी मनाने नाही हो लिहिलं. पुकारा झाला, मागून ‘हो’ आलं, की माझी बोटं आपली ‘हजर’ टाइप करून मोकळी. जन्माची सवय!”

“मीपण ऐकलं,” शिपाई म्हणाला. “तिसऱ्या पुकाऱ्याला. तुमच्या शेजारी बसले होते ना, ते बोलले.”

“माझ्या शेजारी कोण होतं?”

“आता मला काय ठाऊक, बाई! घरातल्या चपलांवर आले होते म्हणून लक्षात राहिले. म्हटलं, कोर्टात असं येतात का कुणी!”

बाकावर निकालबाई एकटी होती, अगदी एकटी. मग शेजारची जागा मोकळी असताना तिने पिशवी मांडीवर का घेतली होती? आठवून आठवून तिला सांगता येईना.

दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र हवं होतं: ‘मागच्या बाकावर माझ्याशेजारी कोणीही नव्हतं.’ त्या बाकावर ती होती, म्हणून सहीही तिचीच. सही नसेल तर निकाल बारगळणार, आणि वहिनी पुन्हा दाराकडे बघत बसणार.

“खरं असेल तेच लिहा, वन्सं,” वहिनी एवढंच म्हणाली. एखादीने हात जोडले असते, रडून गोंधळ घातला असता. ही नुसती शेजारी उभी राहिली, आणि बाईला तिची फार फार दया आली. तिने सही केली.

दोन दिवसांनी दुरुस्त निकाल आला: ‘गैरहजर’. वहिनी फोनवर हमसून हमसून रडली, बाईही रडली. मग डोळे पुसून तिने यादी उघडली आणि शेवटचं नाव काढून टाकलं. मेलेल्या माणसाची रोज काय चौकशी करायची!

दुसऱ्या दिवशी सात दहाला मेल आला. एका ओळीने तोकडा. स्वयंपाकघरात ती होती आणि समोर एक रिकामी खुर्ची. काय मनात आलं कोण जाणे, तिने दादाला नावाने हाक मारली. पुन्हा मारली. नळ तेवढा ठिबकत होता.

तिसरी हाक तोंडातून निघाली मात्र, आणि तिने दोन्ही कान दाबून घेतले. ‘हो’ आलं असतं तर? ‘शेजारी कोणीही नव्हतं’ म्हणून सही करून बसली होती ती.