अध्यक्षांच्या घड्याळाची चावी

अकोल्यात कापडाच्या एका दुकानाच्या जिन्याखाली माझ्या बाबांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल आहे. त्या टेबलासमोर उभं राहून एका माणसानं त्यांना चोर म्हटलं. तो अमरावतीच्या एका शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष. अशा माणसांना 'ते' म्हणावं असं शाळेत शिकवलं होतं. मी म्हणत नाही.

त्याच्याकडे समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी बनवलेलं महागडं परदेशी घड्याळ होतं. पहिल्यांदा आला तेव्हा तक्रार साधी होती. घड्याळ घसरून पंज्यावर येतं आणि चावी हाताच्या मागच्या बाजूला रुतते. चावी म्हणजे कडेचं ते गोल बटण. अशा घड्याळात तिला आटे असतात. बाटलीच्या झाकणासारखी फिरवून बसवली तरच आत पाणी जात नाही. बाबांनी पट्ट्याची एक कडी काढली आणि घड्याळ मनगटाच्या हाडामागे नीट बसवलं. चावी अर्धवट बाहेर होती, तीही फिरवून घट्ट केली. "साहेब, चावी अशी बसवत जा," असं सांगितलंसुद्धा. साहेब फोनवर बोलत होता.

महिन्याभरात काचेच्या आत वाफ धरली. या वेळी त्याचा आवाज रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेला. "असली माल काढला न् नकली घातला. चोर आहेस तू." बाबा चावीबद्दल बोलू लागले, तर म्हणाला, "मले घड्याळ घालाले शिकवतं काय?"

बाबांनी ते घड्याळ मागून उघडलंही नव्हतं. पण त्या दिवसानंतर भारी घड्याळं यायची थांबली. ज्याच्या जिन्याखाली आम्ही बसतो तो कापडवालासुद्धा स्वतःचं घड्याळ दुसरीकडे नेऊ लागला. बाबांकडे उरले भिंतीवरच्या घड्याळांचे सेल.

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा सभांहून आणायचे, आई जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचायची. त्या अध्यक्षावर मीही एक पत्रक लिहिलं. बाबांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "पुरावा कुठी हाय?" एवढंच म्हणाले.

आठ महिन्यांनी त्याच्याच संस्थेत निबंध स्पर्धेची बक्षिसं द्यायला मला लेखिका म्हणून बोलावलं. मी कुणाची मुलगी हे त्याला ठाऊक नव्हतं. मंचावर तो माझ्याशेजारी बसला. घड्याळ मुंबईहून दुरुस्त होऊन आलं होतं. प्रास्ताविक चालू असताना त्यानं चावी सैल केली, दहा-बारा वेळा फिरवली, अंगठ्यानं दाबली आणि सोडून दिली. आटे बसवलेच नाहीत. ती बाहेर राहिली होती, आणि नेमकी तिच्यासमोर, हाताच्या मागे, एक गोल काळा घट्टा पडला होता.

"रोज द्यावी लागते का चावी?" मी विचारलं.

"द्या नाही लागत. पण आमच्या वडलाच्या घड्याळाले रोज आंघोळीच्या आधी चावी द्याचं काम माझं होतं. सवय जात नाही. आज सकाळी घाईत राहून गेलं."

"आणि आंघोळ?"

"घालूनच. मॅडम, हे समुद्रात चालते, तुमी बालदीचं काय घेऊन बसल्या."

मी हसून मान हलवली. दोन शब्दांत सांगता आलं असतं. मुद्दाम सांगितलं नाही. परतीच्या बसमध्ये बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी त्याच्या उद्याच्या आंघोळीचा विचार करत होते, मग परवाच्या, आणि मला फार बरं वाटत होतं.

बाबांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले.

"फोन कर त्याले. मशीन सडून जाईन."

"सडू द्या."

"माय, घड्याळानं काय केलं तुले?" लाडानं ते मला मायच म्हणतात.

"त्यानं तुम्हाले चोर म्हटलं. त्याचं घड्याळ वाचवाले बसलो काय आपण?"

मी फोन केला नाही आणि त्यांना नंबरही दिला नाही.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, तो आला. काचेत पुन्हा वाफ. "कंपनीनं दुरुस्त करून देल्लं तरी पाणी. तूच बिघडवून ठेवलं पहिल्यांदा," त्यानं उभ्या उभ्याच सुरू केलं. कापडवाला खाली उतरला, पानठेल्यावरचे तिघे-चौघे रस्ता ओलांडून आले. मग टेबलापाशी उभी असलेली मी त्याला दिसले.

"मॅडम, तुमी इथं?"

"हे माझे बाबा. साहेब, एकदा चावी देऊन दाखवा."

सगळे बघत होते म्हणून त्यानं दिली. फिरवली, दाबली, सोडली.

"झालं?"

"झालं."

"आता हेच घालून आंघोळीले जाता ना?"

पानठेलेवाला हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी घड्याळ घेतलं, चावी दाबून धरून सावकाश फिरवली, ती कडेला टेकेपर्यंत. घड्याळ त्याच्या मनगटावर चढवून म्हणाले, "पंजा वाकवा." त्यानं वाकवला. काही रुतलं नाही.

"हेच सांगतलं होतं साहेब, त्या दिवशी."

"मग यांची चूक नव्हती," तो पुटपुटला.

"त्या दिवशी पानठेल्यापर्यंत ऐकू गेलं होतं," मी म्हणाले. "आजही जाऊ द्या."

"राहू दे, माय," बाबा म्हणाले.

मी राहू दिलं नाही. त्याच्या वाटेत तशीच उभी राहिले. मग तो बोलला, मोठ्यानं, कान लाल झालेले, आणि चोर हा शब्द त्यानं स्वतःच्या तोंडानं परत घेतला. मला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं, पण तोवर तो गाडीत बसला होता.

माणसं पांगली. कापडवाला तेवढा थांबला. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलाच्या काचेवर ठेवलं. "मागं पडून राहिलं दोन मिनिटं," माझ्याकडे न बघता म्हणाला.

"यांना चार दिवसांनी बोलवा," मी बाबांना म्हणाले.

बाबांनी भिंग डोळ्याला लावलंही होतं.