आईची भिशी आणि आमची मशीनं

इथे ऑस्ट्रेलियात जुगाराच्या मशीनला पोकी म्हणतात, आणि बिघडलेल्या पोकी दुरुस्त करणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे एका गुरुवारी जेवताना आई जेव्हा शांतपणे म्हणाली, "अगं, माझं मशीन आता द्यायला आलंय," तेव्हा माझा घास हातातच राहिला.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे ब्लॅकटाउनला राहायला आली. आम्ही दोघं शिफ्टला, लेक शाळेत, ही दिवसभर एकटी. म्हणून मीच तिला जवळच्या क्लबात, गुरुवारच्या म्हाताऱ्यांच्या जेवणाला धाडलं होतं. जेवणाच्या हॉलला लागूनच पोकींची खोली आहे, हे मला काय ठाऊक नव्हतं?

"द्यायला आलंय म्हणजे?"

"म्हणजे माझा नंबर लागणार. भिशीत नाही का, भरत राहिलं की कधीतरी नंबर लागतोच! आधीच्या बाईनं भरलेलंही त्याच्याच पोटात आहे."

कपाळ माझं! जन्मभर आळीतली भिशी चालवलेली बाई, दुसरं काय समजणार? मी भडकलेच. "उद्या हातातल्या बांगड्या घालशील त्यात. क्लब बंद!"

"बरं. मग तिकीट काढ माझं. इथे भिंतींशी किती बोलू?"

झालं. गुरुवार चालू ठेवला तर बांगड्या जाणार, बंद केला तर आईच जाणार. मला रडूच आलं.

पुढच्या गुरुवारी रजा टाकून तिच्याबरोबर गेले. तिच्या मशीनसमोर शेजारी बसून सांगितलं, की अमेरिकेत गेलेल्या एका जर्मन कारागिरानं तीन चाकं आणि दांडा लावून हे सुरू केलं. पुढे काही मशीनं पैशांऐवजी च्युइंगगम द्यायची, म्हणून त्यांच्यावर फळांची चित्रं आली. आता आत कॉम्प्युटर असतो. तो सारखा आकडे काढत असतो. तू बटण दाबलंस की त्या क्षणाचा आकडा धरतो, निकाल तिथेच लागतो. नंतर फिरणारी चाकं म्हणजे नुसता देखावा.

"आणि आधीचं भरलेलं?"

"त्याच्या काही लक्षात राहत नाही, आई. शेवटी क्लबाचाच फायदा व्हावा असं गणित बसवलेलं असतं."

"मीसुद्धा लक्षात नाही?"

"नाही."

"नमस्कार करून बसायचे गं मी," आई म्हणाली. मग मशीनला "मेल्या!" म्हणून पर्स उचलून उठली.

हॉलमध्ये एक ग्रीक म्हातारी शेजारच्या खुर्चीवर स्वतःची पिशवी ठेवून बसली होती. आईला बघून तिनं पिशवी उचलली. इंग्रजी दोघींचंही यथातथाच, तरी आई बसल्याबसल्या हातवारे करत मशीनच्या तक्रारी सांगायला लागली. म्हातारी हसत होती.

"आई, निघू या?"

"तू जा. मला इथे भिशी लावायचीय, या सगळ्या बायकांची."

"अगं, त्यांना भिशी म्हणजे काय ते तरी कळेल का?"

"मी सांगते ना! आणि पहिला नंबर हिचा. दर गुरुवारी माझी खुर्ची धरून ठेवते बिचारी, आणि मी मेली त्या ठोकळ्यासमोर बसायचे."