पॅनलमधली अक्षत

कडावच्या रोहिदासला फार्महाउसवाले नावानं कमी आणि ‘कोडवाला’ म्हणून जास्त ओळखतात. कर्जतपासून चौक गावापर्यंत डोंगराच्या कडेनं जेवढे बंगले उभे राहिले, तेवढ्यांच्या स्वयंपाकघरांत वर पाच शेगड्या आणि खाली ओव्हन अशी एकेक अवजड कुकिंग रेंज येऊन बसली. वर्षातून दहा दिवस वापरायची, बाकीचे दिवस नुसती पुसून ठेवायची. अशी वस्तू बिघडणार नाही तर काय होईल? बिघडली की तिच्या काळ्या काचेवर एक अक्षर आणि एक आकडा उमटतो, टीं टीं सुरू होतं, आणि रोहिदासचा फोन वाजतो.

खोपोलीच्या एका कारखान्यात सोळा वर्षं त्यानं इलेक्ट्रिक खात्यात काढली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा गावात येऊन मिक्सर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागला आणि त्यातूनच या रेंजपर्यंत पोचला. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, म्हणून त्यानं एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक बंगल्याला एक पान. कुठला कोड आला, काय उघडलं, काय निघालं, सगळं मराठीत, टपोऱ्या अक्षरात. त्या वहीचा त्याला भारी अभिमान. मशीन माणसासारखं नसतं, काय दुखतंय ते तोंडानं सांगतं तरी, असं तो चारचौघांत ऐटीत म्हणायचा. पुढं हेच वाक्य त्याच्या घशात अडकणार होतं.

अशाच एका बंगल्यावर ललिता राखणीला होती. डोंगराकडच्या वाडीवरची बाई, नवरा गेल्यावर पोरीला घेऊन खाली आलेली. झाडलोट, स्वयंपाकघर, बाग सगळं तिच्याकडे, आणि राहायला मागच्या आवारात एक खोली. पगारापेक्षा तिला ती खोली मोलाची होती, कारण हायस्कूल रस्त्याच्या पलीकडेच होतं. मुलगी हर्षला दहावीत. वाडीवरून शाळेत यायचं म्हणजे दोन तासांची डोंगरवाट, आणि त्या वाटेपायी वाडीतल्या पोरी सातवी-आठवीतच गळायच्या. हर्षला दहावीला बसली असती तर वाडीतली पहिली.

दोन वर्षांपूर्वी ओव्हन पेटत नव्हता म्हणून रोहिदास पहिल्यांदा तिथं गेला होता. ललिता त्या यंत्राला इतकी बिचकायची की फडकंसुद्धा लांबूनच फिरवायची. काम झाल्यावर कोऱ्या चहाचा घोट घेत त्यानं तिची थट्टा केली. “ह्याला भिऊ नको गं. दसऱ्याला कोयत्याच्या रांगेत ह्यालापन बसव, मग रुसायचा नाय.” दहा ठिकाणी सांगून गुळगुळीत झालेली त्याची ही थट्टा. तो स्वतःही दसऱ्याला मीटर आणि टेस्टर पाटावर मांडतो, पण त्यांच्या पेटीला हळदकुंकू कोरड्या बोटानंच लावतो. पाणी लावायचं नाही हे तिला सांगायला हवं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. थट्टा करणारा विसरला. ऐकणारीनं मात्र शब्दन् शब्द मनावर घेतला.

यंदा दसरा होऊन तीन दिवस झाले आणि तिचा फोन आला. काचेवर एफ-सात, आणि शनिवारी बंगल्याच्या मालकीण मॅडम पाहुण्यांना घेऊन येणार. रोहिदासनं आधी मेन स्विच पाच मिनिटं बंद ठेवून चालू केला. कोड गेला. दहा मिनिटांनी परत आला. मग त्यानं रेंज पुढं ओढली, मागचा पत्रा काढला आणि बटणांच्या पॅनलकडून बोर्डाकडे येणारी चपटी वायर उपसली. कोड गेला तो गेलाच. म्हणजे बोर्ड ठणठणीत, दोष पॅनलचा. एफ-सात म्हणजे कुणीही दाबलेलं नसताना एखादं बटण दाबलेलंच आहे असं बोर्डाला वाटत राहणं. असं बहुतेक ओल शिरल्यानं होतं. त्यानं बॅटरी जवळ धरली. पॅनलच्या खालच्या फटीत वाळलेल्या हळदीचा पिवळा ओघळ होता आणि शेजारी झेंडूची एक पाकळी.

मागं उभी राहून ललिता कौतुकानं सांगतच होती. गेल्या वर्षी तिनं नुसता हार घातला होता. यंदा मुलगी दहावीला, म्हणून सगळं साग्रसंगीत केलं. तांब्यातलं पाणी शिंपडलं, ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. बोलता बोलता तीच थांबली.

“रोहिदासभाऊ, पुजेनं तं नाय ना झालं ह्ये?”

“नाय गं. पावसाची ओल धरली हाय.”

तिचा जीव भांड्यात पडला. त्याचाही पडला, आणि याचीच लाज त्याला पुढं वाटत राहिली. फट त्यानं पुसली, पण पॅनल डिंकानं सीलबंद होतं, ते फोडायला धजावला नाही. मॅडमना फोनवर सांगितलं, दमट हवा आहे, महिनाभर कोरडं राहू द्या, आपोआप सुरू होईल. ते खोटं नव्हतं. पण दिवाळी तोंडावर असताना महिनाभर कोण थांबतो? मॅडमनी शनिवारी मुंबईहून कंपनीचा माणूस आणला आणि रोहिदासलाही बोलावून घेतलं.

त्या माणसानं पातळ पात्यानं डिंक कापून पॅनल उचकटलं आणि चिमट्यानं आतून एक तांदळाचा दाणा काढला. कुंकवानं लाल झालेला, फुगलेला. ओट्याच्या पांढऱ्या दगडावर त्यानं तो ठेवला. पाणी गेलंय, या मॉडेलचं पॅनल आता येत नाही, नवी रेंज घ्या, एवढं बोलून त्यानं पॅनल होतं तसं स्क्रूनं अडकवलं.

मॅडम वाईट नव्हत्या, आणि ओरडल्याही नाहीत. शांतपणे विचारलं, “ललिता, विजेच्या मशीनवर पाणी शिंपडायला तुला कोणी सांगितलं?”

ललितानं एकदा दाण्याकडे पाहिलं, एकदा रोहिदासकडे. तिला तेव्हा सगळं कळलं, हे त्याला तिच्या डोळ्यांत दिसलं. एक वाक्य तिनं बोलायचं होतं, किंवा एक त्यानं. त्या पट्ट्यातले सगळे बंगलेवाले एकमेकांच्या ओळखीचे. एकाकडचं दार बंद झालं की बाकीची आपसूक होतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“कोणी नाय, मॅडम. माझंच डोकं.”

रोहिदास हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरची मूठ फडक्यानं पुसत राहिला. ती स्वच्छच होती.

मशीनची समज असलेलं माणूस पाहिजे, म्हणून मॅडमनी तिला महिनाअखेरीची मुदत दिली. ऐन दिवाळीत ललितानं खोली रिकामी केली आणि मायलेकी वाडीवर गेल्या. नवी रेंज आली. जुनी ती तू घेऊन जा, फार हेलपाटे घातलेस, असं मॅडम रोहिदासला म्हणाल्या, आणि तो नको म्हणू शकला नाही. टेंपोत घालून आणली, पडवीत उभी केली, वर चादर टाकली.

मार्गशीर्षात एका दुपारी त्यानं सहज वायर जोडली. काच उजळली. कोड नाही, टीं टीं नाही. कोरड्या थंडीत पॅनल आपलं आपण वाळलं होतं. ओव्हन लावला, तोही तापला. त्यानं वही काढली, त्या बंगल्याचं पान उघडलं, एफ-सात लिहिलं आणि पुढं कारण लिहायला पेन टेकवलं. मग जागा कोरी सोडून त्यानं वही मिटली.

पौषात कडावच्या बाजारात ललिता भेटली. डोक्यावर मोळी होती. हर्षला कशी आहे, त्यानं विचारलं. दिवाळीनंतर पंधरा दिवस पोरगी डोंगर उतरून गेली, मग पाय सुजले, मग शाळा राहिली. आता आईबरोबर लाकडाला जाते. ललितानं हे कसलाही दोष न देता सांगितलं. तिनं त्याला शिव्या घालायला हव्या होत्या, म्हणजे त्याला जरा बरं वाटलं असतं.

“ती मोठी शेगडी झाली का वो सुरू?” तिनं विचारलं.

खरं सांगायची ही शेवटची संधी आहे, हे त्याला कळत होतं.

“नाय,” तो म्हणाला. “कायमची गेली ती.”

“मंग बरोबरच झालं,” ललिता म्हणाली. “मला वाटायचं, मॅडमनी उगीच काढलं. एवढी म्हागाची वस्तू मी खरंच मारली म्हंजे.”

मोळी सावरून ती पुढं गेली.